चित्र स्वतः बोलत नाही

तंबाखूच्या पाकिटावर कर्करोगाचे भयानक चित्र छापले की सरकारचे काम संपले. त्यानंतरही जो खातो, तो आपल्या कर्माने मरतो, असे मत सुशिक्षितांत सर्रास ऐकू येते. मला ते मुळातच अमान्य आहे.

देशात ३१ मे २००९पासून पाकिटांवर चित्ररूप इशारा आला. खाण्याच्या तंबाखूवर छापला विंचू. विंचू म्हणजे विष आणि विष म्हणजे मरण, असा हिशेब. पण विंचू रोज बांधावर पाहणाऱ्या मजुराने त्याचा संबंध तोंडातल्या जखमेशी कसा लावावा? २०११च्या डिसेंबरात विंचू गेला, तोंडाच्या कर्करोगाची छायाचित्रे आली. २०१६च्या एप्रिलपासून इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. खाणारा अडाणी नव्हता, खूणच अपुरी होती.

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) भागात तर हा इशारा पोहोचतच नाही. इथे चालतो खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधून देतात. पाकीटच नाही, तर ८५ टक्के कशाचे? उलट मित्राने पुढे केलेली पुडी हीच आपुलकीची खूण. तिला नाही म्हणणे म्हणजे मित्राला नाही म्हणणे.

मग चिन्हांनी काहीच होत नाही, ज्याचा त्याने अर्थ लावावा, असे म्हणणारेही चुकतात. तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्ह, वस्तू आणि पाहणाऱ्याच्या मनात उठणारा अर्थ अशी तिघांची सांगड घातली. तो तिसरा दुवा माणसामाणसांतल्या बोलण्याने घडतो, म्हणून तो बदलताही येतो.

तसे चिन्ह आपल्याच अंगावर आहे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते पाहा. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होऊ लागली की तिखट झोंबते, तोंड उघडणे कमी होते, तिसरे बोट अडते. हा पुरावा दुसऱ्याच्या गालाचा नसतो, स्वतःचा असतो.

सावंगीत दंत महाविद्यालय आहे, मोठे रुग्णालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि गावोगावच्या आशाताईंनी ही तीन बोटांची खूण शाळेत, शेतावर, पानठेल्यापाशी समजावून सांगावी आणि बोट अडलेल्याला तपासणीपर्यंत सोबत न्यावे. छापील इशारे राहोतच; पण त्यांना अर्थ देणारा माणूस शेजारी उभा करणे, ही आपली जबाबदारी आहे.