पाहुण्यांना काय दाखवावे?

घरी पाहुणे आले की आपण त्यांना नागपूर दाखवायला नेतो. मला हे पटत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात काय कमी आहे?

पवनीला वैनगंगेचा घाट आहे, जुना किल्ला आहे. १९६९-७० साली तिथली जगन्नाथ टेकडी खोदली, तेव्हा तिच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप सापडला. जवळच अभयारण्य आहे. तिथे चितळ, सांबर, नीलगाय आहेत.

पाहुणा म्हणतो, वाघच दाखवा. पण रानाच्या कडेला आपल्या आया पहाटे मोहफुले वेचतात. त्यांच्यासाठी वाघ म्हणजे गंमत नव्हे. हेही पाहुण्याला सांगावे.

आईबाबांनो, आधी आम्हांला पवनी दाखवा. मग पाहुण्यांना आम्हीच दाखवू!