कानउघाडणी

नागपुरात सदरला रेसिडेन्सी रोडवर चहा पिताना एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी निकाल देऊन टाकला: ‘इंग्रजी ऐकायला मोबाइल कशाला? मी आहे ना वर्गात! फोन हातात दिला की पोरं रील्स पाहतात.’ चहा संपला, वाद उरला.

रील्स पाहतात, खरंय. वहीच्या मागच्या पानावर फुलीगोळाही खेळतात. वह्या कुठे बंद केल्या आपण?

पण ‘मी आहे ना’ हे काही घशाखाली उतरेना. सर वर्गात असतात, इंग्रजी कितीसं असतं? एक वाक्य वाचायचं, लगेच त्याचं मराठी सांगायचं. पोरं ऐकतात ते मराठीच. उरलेलं इंग्रजी एकाच गळ्यातलं, अक्षर न् अक्षर सुटं. बाहेर इंग्रजी असं बोलतं कोण? जोर नसलेली अक्षरं तिकडे सर्रास गिळतात. ‘कम्फर्टेबल’ पाठ केलेल्या कानावर ‘कम्फ्टबल’ आदळतं आणि ओळखीचा शब्द परका होतो. अमेरिकी बोलण्यात ‘कॅन्ट’मधला ‘ट’ अनेकदा ऐकूच येत नाही. होकार की नकार, ते जोरावरून ओळखायचं. सरांच्या ठसठशीत ‘ट’वर वाढलेल्या पोरानं काय करावं?

माझ्या वर्गातली काटोलची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, काहीच समजून नाही राहिलं.’ तिनं हेडफोन लावला, वेग पाऊणपट केला, एकच वाक्य सहा वेळा मागे नेलं. सातव्यांदा मान वर आली: ‘हे तर “शुड हॅव” आहे! मी “शुडा” ऐकत होती.’ सरांना सहा वेळा ‘पुन्हा सांगा’ म्हणायची हिंमत कोणाची आहे?

वाद तसा जुनाच. बीबीसीनं रेडिओवर इंग्रजी शिकवायला 1943 मध्ये सुरुवात केली. पुढे टेपरेकॉर्डर आला तेव्हा ‘आता मास्तर घरी बसणार’ हे मीही ऐकलंय. मास्तर टिकले, टेपरेकॉर्डर भंगारात गेला. एका कॉलेजात तर लँग्वेज लॅबला कायम कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. दसऱ्याला तेवढे संगणकांना झेंडूचे हार!

डेटा परवडत नाही? ऑडिओ एकदा उतरवून ब्लूटूथनं वाटा.

मग करायचं काय? दीड-दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा. सबटायटल बंद, नाहीतर ते वाचन होतं. ऐकलं तेवढं लिहावं, मग मजकुराशी जुळवावं. कान कुठे आणि का चुकला, ते मात्र सरांनीच सांगावं.

आयईएलटीएसच्या श्रवण परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. त्याचं मराठी सांगायला तिथे सर नसतात.