आकाशाची रोजकीर्द

हिवाळ्यात मुक्ताईनगरच्या बाजारपेठेतील दुकाने मिटली, की आग्नेय दिशेला व्याधाचा तारा झळकू लागतो. रात्रीच्या आकाशात त्याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही. परंतु हा तारा एकटा नाही. त्याच्याभोवती सुमारे दहा हजार पट मंद असा एक सोबती फिरतो आणि एक फेरी पूर्ण करण्यास त्याला सुमारे 50 वर्षे लागतात.

हा सोबती दृष्टीस पडण्यापूर्वी हिशेबातून सापडला. व्याधाची आकाशातील वाट सरळ नसून किंचित नागमोडी आहे, हे जर्मन ज्योतिर्विद फ्रीडरिश बेसेल यांनी 1844 मध्ये दाखवून दिले. ताळा जुळत नसेल, तर कोठेतरी न मांडलेली रक्कम असते. तशीच येथे एक न दिसणारी वस्तू व्याधाला ओढत होती. पुढे 31 जानेवारी 1862 रोजी अमेरिकेत ऑल्व्हन ग्रॅहम क्लार्क नव्या भिंगाची परीक्षा घेत असताना तो सोबती प्रत्यक्ष दिसला.

अशा जोडताऱ्याची गती मोजावयाची, तर प्रत्येक वेळी दोनच गोष्टी टिपावयाच्या असतात: मुख्य ताऱ्यापासून सोबत्याचे अंतर आणि त्याची दिशा. जुन्या काळी दुर्बिणीच्या नेत्रभिंगापाशी अत्यंत बारीक तंतू ताणून बसवीत. ते स्क्रूने सरकवून ताऱ्यांवर आणावयाचे आणि स्क्रूचे वेढे मोजावयाचे. हे अंतर विकलांत सांगतात. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरांवरून जेवढे दिसेल, तेवढी साधारण एक विकला. व्याधाचा सोबती त्याच्यापासून सुमारे 3 ते 11 विकलांच्या दरम्यान राहतो, आणि मुख्य ताऱ्याच्या झगमगाटात तो सहज हरवतो.

वर्षानुवर्षांच्या नोंदी कागदावर मांडल्या, की लंबवर्तुळाकार कक्षा उमटते. फेरीचा काळ, कक्षेचा आकार आणि ताऱ्यांचे आपल्यापासूनचे अंतर यांवरून दोघांचे एकत्रित वजन निघते. कोण किती हलतो, यावरून त्याची वाटणी होते, कारण जड तारा कमी सरकतो आणि हलका अधिक. व्याधाचा सोबती या ताजव्यात तोलला, तेव्हा तो वजनाने जवळजवळ सूर्याएवढा, पण आकाराने केवळ पृथ्वीएवढा निघाला.

या विद्येचा एक धागा महाराष्ट्रातून गेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अभियंता विल्यम स्टीफन जेकब यांनी 1842 मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. डॉलंड यांनी घडविलेल्या, पाच फूट नाभीय अंतराच्या दुर्बिणीतून त्यांनी 244 जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. वृश्चिक राशीतील एका ताऱ्याचा एक घटक स्वतःच दुहेरी असल्याचे त्यांना 1847 मध्ये आढळले. दक्षिण क्षितिजालगत दिसणाऱ्या मित्र ताऱ्याच्या जोडीची कक्षाही त्यांनी गणिताने काढली.

पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. भुजंगधारी समूहातील एका जोडताऱ्याच्या नोंदी गणिताशी जुळत नाहीत, हे पाहून 1855 मध्ये त्यांनी तेथे एखादा अदृश्य ग्रह असावा, असे मत मांडले. विचाराची दिशा बेसेल यांचीच होती. परंतु या जोडीची फेरी सुमारे 88 वर्षांची, आणि नोंदींतील फरक अतिशय सूक्ष्म. तो ग्रह पुढे सिद्ध झाला नाही. हाताने घेतलेल्या मापांत तेवढी चूक सहज राहू शकत होती.

येथे रोजकीर्द आणि ताळेबंद यांतील भेद ध्यानात येतो. जेकब यांचा निष्कर्ष बाजूला पडला, पण तारीखवार लिहिलेली त्यांची मापे बाद झाली नाहीत. मनाजोगता ताळा बसावा म्हणून त्यांनी आकडे बदलले असते, तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरले नसते. 88 वर्षांची फेरी एका माणसाच्या आयुष्यात मोजून होत नाही. आजोबांची वही नातवाने पुढे चालवावी, तसेच हे काम आहे. पहिली नोंद करणाऱ्याला शेवटची बेरीज पाहावयास मिळत नाही, हे त्याला आरंभीच ठाऊक असते.

नऊ इंची नवी दुर्बीण चालविण्याच्या उमेदीने जेकब 8 ऑगस्ट 1862 रोजी पुन्हा मुंबईस उतरले. आठच दिवसांनी, 16 ऑगस्टला, पुण्यात त्यांचे निधन झाले. व्याधाचा सोबती प्रथम दिसला, ते हेच वर्ष.

त्यानंतर त्या सोबत्याने तीन फेऱ्या पूर्ण केल्या असून चौथी चालू आहे. मुक्ताईनगरच्या गच्चीवरून तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, व्याध मात्र दिसेल. घरातील मुलांना तो दाखविताना एवढे अवश्य सांगावे, की त्याच्याशेजारी आणखी एक तारा आहे आणि त्याचा हिशेब माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे लिहून ठेवला आहे.