सरकार म्हणजे कोण?



तिकोणा पेठेत गटाची बैठक होती. खाली पवना धरणाचं पाणी पसरलेलं. बोलता बोलता विषय ९ ऑगस्ट २०११ वर आला. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीत पाणी सुटलं नाही तर काठची शेती जगायची कशी, हा त्यांचा प्रश्न. त्या दिवशी त्यांनी बऊरजवळ द्रुतगती महामार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यांत एक बाई होती.

मी म्हणाले, "सरकारनं फार वाईट केलं." एक आजी शांतपणे म्हणाल्या, "सरकार कुठं ऱ्हातं, ताई? पानी तर तुमच्याच नळाला जायचं हुतं न्हवं?"

मी चिंचवडला राहते. मला उत्तर सुचलं नाही.

डोंगरापलीकडे मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा सरकार परकं होतं. १९४२ च्या ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, त्या सरकारला 'चले जाव' म्हणता आलं. आपल्या सरकारला तसं म्हणून मोकळं होता येत नाही. ते आपल्या मतांवर निवडून येतं, आपल्या करांवर चालतं. २०२३ मध्ये चंद्रावर यान उतरलं तेव्हा 'आपण उतरलो' म्हणून आपण पेढे वाटले. मग बऊरची गोळी तेवढी 'त्यांची' कशी?

गोळी मी झाडली नाही, त्यामुळे गुन्हा माझा नाही. जबाबदारी मात्र माझी आहे. सासू सुनेला छळते आणि नवरा म्हणतो, "मी कुठं काय केलं?" त्याला आपण सोडतो का? त्याच घरात राहून गप्प बसला, म्हणून त्याला जाब विचारतोच ना? मग आपल्यालाही तोच न्याय हवा.

म्हणून शहरातल्या मैत्रिणींनी महापालिकेला विचारायला हवं: आमच्या नळाचं पाणी कुणाच्या वाटचं? गळतीत किती जातं? धरणात जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसन इतकी दशकं का रेंगाळलं? हे प्रश्न मावळातल्या बायांनी एकट्यांनी विचारायचे नाहीत. पाणी पिणाऱ्यांनीही विचारायचे आहेत.

आमच्या वॉर्डातल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज मी लिहायला घेतलाय. पुढच्या बैठकीत आजींना तो वाचून दाखवायचा आहे.