शस्त्रक्रियेनंतरची एकाकी वाट

रोग्याचा जीव वाचला, की समाजाचे कर्तव्य संपले, असा आपला सर्वसाधारण समज आहे. जन्मजात हृदयविकाराच्या बाबतीत तो घातक होय. हजार नवजात बालकांपैकी सुमारे आठ-नऊ बालके हृदयातील काही ना काही वैगुण्य घेऊनच जन्माला येतात. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे 'निळ्या बालका'वर पहिली शस्त्रक्रिया झाली, तोवर अशा बालकांसाठी वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. आज योग्य उपचार लाभल्यास त्यांतील बहुसंख्य मुले प्रौढ होतात. पाश्चात्त्य देशांत तर या विकाराच्या रुग्णांत मुलांपेक्षा प्रौढच अधिक आहेत.

आपल्या शासनानेही या बाबतीत काही केले नाही, असे नव्हे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा आरंभ ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत आपला नांदेड जिल्हा होता; ती योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी होऊ लागली. परंतु या कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची. हृदयाला ती कशी ठाऊक असणार?

बालपणी झालेली दुरुस्ती ही पुष्कळदा कायमची नसते. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या विकारावर शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची फुफ्फुसाकडील झडप पुढे गळू लागते व कालांतराने ती बदलावी लागते. काहींच्या नाडीची लय बिघडते. किडलेल्या दाताकडे केलेले दुर्लक्षही हृदयाच्या आतील आवरणाला जंतुसंसर्ग होण्यास कारण ठरू शकते. गर्भारपण अनेकींना सुरक्षितपणे पार पाडता येते, तर थोड्याजणींच्या ते जिवावर बेतते. कोणाची अवस्था कोणती, हे तपासणीवाचून कळत नाही. आणि नेमक्या याच वयात तपासणी थांबते! नायगावसारख्या तालुक्यातील तरुणीला या विकारातील तज्ज्ञ गाठण्यासाठी हैदराबादची किंवा मुंबईची वाट धरावी लागते. त्याहून अवघड गोष्ट ही, की छातीवरचा व्रण स्थळ पाहायला आलेल्यांना सांगावा की लपवावा, हे विचारायलाही तिला कोणी नसते.

आम्ही शिक्षकी पेशात असताना एक विद्यार्थी कवायतीच्या तासाला झाडाखाली बसून राही. आम्ही त्याला आळशी ठरविले. त्याचे ओठ निळसर का दिसतात, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. त्या मुलाची व्यथा ओळखायला त्याच वाटेने गेलेला एखादा सोबती हवा होता.

असे सोबती एकत्र येऊ शकतात. अमेरिकेत अशा प्रौढांची संघटना १९९८ पासून कार्य करीत आहे. आपल्याकडे पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ समदुःखितांच्या बळावर उभे आहे; १९८६ साली स्थापन झालेल्या 'मुक्तांगण'ने तर व्यसनातून सुटलेला माणूसच दुसऱ्याला हात देऊ शकतो, हे दाखवून दिले. आणि बचत गटांच्या या मुलखात दहाजणींनी महिन्याला एकत्र बसणे यात नवल ते काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांना अठरावे वर्ष लागताच आरोग्य खात्याने पत्र धाडावे व पुढील तपासणी कोठे, कधी, हे कळवावे. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने महिन्यातून एक दिवस त्यांच्या मेळाव्यासाठी एक खोली व एक डॉक्टर द्यावा. तालुक्याच्या ठिकाणी स्थानिक डॉक्टरांनी पुढाकार घ्यावा. मेळाव्यात कोणी कोणाला औषध सांगू नये. ते काम वैद्याचे. जुने कागद जपणे, तपासणी न चुकविणे, झेपेल ते काम निवडणे आणि लग्नाआधी निर्भयपणे सत्य सांगणे, एवढे जरी ते परस्परांना शिकवू शकले तरी पुष्कळ झाले.

यास मोठा खर्च नाही. ज्या मुलाचे हृदय वाचविण्यासाठी सरकारी तिजोरी उघडली, त्याला विशीत एकटे सोडून देणे ही मात्र भारी उधळपट्टी आहे, आणि ती माणसांची आहे.