चिकटवलेले झरोके

मोटारीच्या पुढच्या चाकावरील पत्र्याला, म्हणजे फेंडरला, बाजारातून आणलेले जाळीदार झरोके लावण्याची जी हौस आहे, तिच्याशी प्रस्तुत लेखकाचे भांडण नाही. भांडण आहे ते या झरोक्यांच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्याशी. इंजिन थंड राहते, ब्रेक तापत नाहीत, वेगात गाडी स्थिर राहते, असे विकणारा सांगतो आणि विकत घेणारा तेच चारचौघांना ऐकवतो.

झरोका मुळातच निरुपयोगी असतो असे नव्हे. फिरणारे चाक आपल्याबरोबर हवा ओढून कमानीत कोंडते. रेडिएटरमधून शिरलेली हवाही बॉनेटखाली दाटते. हा दाब गाडीचे नाक वर उचलू पाहतो. बाहेर जिथे दाब कमी आहे नेमकी तिथे वाट करून दिली, तर ती हवा निघून जाते. पोर्शने २०१५ साली ९११ जीटी३ आरएसच्या पुढच्या चाकांवर फटी ठेवल्या त्या याचसाठी. परंतु त्याकरिता पत्रा कापावा लागतो, आतले प्लॅस्टिकचे अस्तर कापावे लागते, आणि जागा चुकली तर हवा बाहेर पडण्याऐवजी आत येते. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने अखंड पत्र्यावर डकवलेल्या तुकड्यातून ती जाणार कुठून? शंका असल्यास जाळीत बोट घालून पाहावे.

येथे प्रतिपक्षातील चतुर मंडळी पवित्रा बदलतात. शोभा हेही एक कार्यच नव्हे काय, असे विचारतात. (अर्थशून्य प्रतिमेचे समर्थन करताना समीक्षेतही हीच कसरत चालते, ते असो.) शोभेला कार्य म्हणायचे ठरवले, तर निरुपयोगी अशी वस्तूच जगात उरत नाही, आणि मग 'उपयोगी' हा शब्द वापरण्यातही काही हशील राहत नाही. शिवाय विक्रेता शोभा विकतच नसतो. तो हवेचा प्रवाह विकत असतो.

शोभेचेच बोलायचे तर ब्युइकचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेतील या कंपनीचा रचनाकार नेड निकल्स याने आपल्या १९४८ सालच्या गाडीला बाजूने भोके पाडून आत दिवे बसवले होते. इंजिनातील ठिणग्यांबरोबर ते उघडझाप करीत. लढाऊ विमानाच्या धुराड्यांची ती गंमतीदार नक्कल होती. १९४९ पासून तीच भोके कंपनीच्या गाड्यांवर आली. त्यांनी इंजिनाभोवतीची हवा खेळती राहते, अशी जाहिरातही आरंभी झाली, पण त्याच वर्षात ती आतून बुजवली गेली. तरीही त्यांना अर्थ होता. रोडमास्टरला प्रत्येक बाजूस चार, सुपरला तीन. रस्त्यावरच्या पोरालाही मोजून गाडीचा दर्जा कळे. आजचा चिकटवलेला झरोका तेवढेही सांगत नाही. कोणत्याही गाडीवर तो सारखाच बसतो, आणि आतल्या इंजिनाविषयी त्यावरून काहीच कळत नाही.

ज्याला खरोखर हवा काढायची आहे त्याने पत्रा कापावा, पृष्ठभागावर लोकरीचे धागे चिकटवावेत आणि वारा कोणीकडे वाहतो ते पाहावे. इतरांनी 'हौस म्हणून लावले' एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. मात्र काही वर्षांनी तो तुकडा गळून पडला की उन्हाने विटलेल्या रंगामध्ये त्याच्या आकाराचा एक गडद डाग उरतो, एवढे हौशी माणसानेही ध्यानात ठेवावे.