आधी हिशेब, मग पट्टी!

धारवाडकरांची तहान भागविण्यासाठी १९११ साली केलगेरीचा तलाव बांधला गेला. पुढे मलप्रभेचे पाणी आले आणि २००८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत चोवीस तास नळ वाहू लागले. मात्र कर्ज फेडावेच लागते! नव्या जलवाहिनीसाठी घरमालकांवर खास आकारणी करावयाची असेल, तर आमचा सवाल सरळ आहे : कर्ज किती, अनुदान किती, आणि आमचा वाटा कोणत्या मापाने ठरला? नळाने मोकळ्या भूखंडाचा भाव चढतो. मग जुन्या घरातल्या विधवेने आणि भूखंडवाल्या धनिकाने सारखेच का भरावे? पैसे देण्यास आम्ही नाकारीत नाही. डोळे मिटून देण्यास नाकारतो. नागरिकहो, पट्टी भरण्यापूर्वी हिशेब मागा, आणि तो तुम्हांस समजेल अशा भाषेत मागा!